गप्प यंत्र

श्रीमंतच्या उजव्या कानाच्या नसेवर, मेंदूला खेटून, बोराएवढी गाठ होती. गाठ साधीच, कॅन्सरची नव्हे. पण तिला चिकटूनच चेहऱ्याची नस जात होती, आणि श्रीमंत चाकूरच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. ऑपरेशनआधी त्यानं डॉक्टर वर्षाराणीला एकच विनवलं होतं, "म्याडम, कान गेला तर जाऊ द्या, पर व्हट वाकडा करू नका. फुकायचं कशानं म्या?"

"दोन्ही वाचवू," ती म्हणाली होती. उगाच बढाई मारणारी बाई नव्हे ती. नांदेडात अशी चाळीसेक ऑपरेशनं केल्यावर आपल्या हातांवर तिचा भरवसा बसला होता.

आता गाठ आतून पोखरून निम्मी झाली होती. श्रीमंतच्या ओठाशी, डोळ्याशी बारीक सुया टोचून त्यांच्या तारा एका यंत्राला जोडलेल्या. चेहऱ्याच्या नसेला जरा धक्का लागला की यंत्र टकटक करी. आज ते गप्प होतं, म्हणून सगळे खूश. भूल देणारे डॉक्टर शेषेराव तर म्हणाले, "लई साफ हात चाललाय बाई आज तुझा."

वर्षाराणी थांबली. इतका साफ हात कुणाचाच नसतो! तिनं नसेला मुद्दाम विजेचा हलका स्पर्श दिला. यंत्र ढिम्म.

नस तुटली की काय? पण नस तिच्या डोळ्यांसमोर अखंड होती; म्हणजे चेहऱ्याचे स्नायूच हलत नव्हते.

"सर, स्नायू ढिले करायचं औषध दिलंय का मधे?"

"छे! या ऑपरेशनात ते देत न्हाईत, हे तू मला सांगतीस?" तीस वर्षं या शहरात माणसं झोपवलेले शेषेराव उसळले. मग त्यांनी ट्रेमधली रिकामी सिरिंज उचलली, तिच्यावरची चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा खाड्कन उतरला. "पेशंट हलल्यागत वाटला. सवयीनं हात गेला बघ."

"थांबू या," ती एवढंच म्हणाली. पाऊण तास सगळे हाताची घडी घालून उभे राहिले. औषध उतरलं, यंत्र बोलू लागलं, तेव्हा कुठं तिनं पुढचं काम हाती घेतलं. नसेला घट्ट धरून बसलेला गाठीचा शेवटचा पापुद्रा तिनं तसाच ठेवला. त्याच्यावर वर्षावर्षाला नजर ठेवता येते. गेलेली नस परत आणता येत नाही.

संध्याकाळी श्रीमंत नीट शुद्धीवर आला. वर्षाराणीनं त्याचा डावा कान बोटानं दाबून धरला. "सर, उजव्या कानात हळू काहीतरी बोला."

एरवी शेषेराव अशा वेळी आकडे म्हणत. आज ते वाकले आणि पुटपुटले, "माझ्याकडून चूक झाली होती गड्या. तुझा व्हट जाता जाता राहिला. या पोरीनं वाचवला."

वर्षाराणीनं कानावरचं बोट काढून घेतलं. हे त्याला कसं सांगायचं, याच विचारात ती दुपारपासून होती.

श्रीमंतनं शेषेरावांकडे नजर वळवली.

"असू द्या सायेब," तो म्हणाला, "आमचा बी सूर चुकतोय कवा कवा." आणि हसला. ओठांची दोन्ही टोकं सारखी वर गेली.