पिल्लांनी निवडलेली परात

फाटकाला बांधलेली दोरी सोडून जनावरांचे डॉक्टर आत आले, कोंबडीची दोन पिल्लं उलटीपालटी करून पाहिली आणि शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले. "पाचपर्यंत थांबतो. साथ आहे असं वाटलं, तर सहाशेच्या सहाशे मारावी लागतील."

वहिनीने शेडमध्ये नजर टाकली. पिल्लं तीन आठवड्यांची, पण दिसायला दहा दिवसांची. पंख विरळ, आणि जरा डोळा चुकला की एकमेकांची पिसं उपटून खायची. चार दिवस ती सगळं खापर दिरावर फोडत होती. "बाजारातले बूट न धुता आत शिरलात, भाऊजी! रोग तुम्हीच आणलात." तेव्हापासून बिचारा रोज दारातच बूट धुई. दोन दिवस तर तो घरात जेवलाही नव्हता.

पण पिसं का खातात? आजारी पिल्लू खाणं टाकतं, ही तर हावरटासारखी खात होती. वहिनीने दोन पराती मांडल्या. एकीत नुसता मक्याचा भरडा, दुसरीत नुसती सोयापेंड.

"हे काय नवीन?" डॉक्टर म्हणाले.

"वाढत्या पिल्लाला काय हवं ते त्यालाच कळतं, असं माझे वडील सांगायचे. बघू तरी."

पिल्लं आधी मक्यावर पडली. मग एक सोयापेंडीकडे वळलं, मग चार, आणि तासाभरात मक्याजवळ कोणी उरलं नाही.

"तिकडे उजेड आहे, म्हणून गेली असतील. पराती बदला," डॉक्टर म्हणाले.

तिने पराती बदलल्या. पिल्लं गोंधळली, मक्यात चार चोची मारल्या आणि एकमेकांना तुडवत पुन्हा पेंडीवर धावली.

डॉक्टर उठलेच. "साथ नाही ही. पोट भरतंय, पण अंग वाढवणारी प्रथिनं मिळत नाहीत; ती या पेंडीत आहेत. खाद्य कोणतं देता?"

"पिल्लांचंच!" तिने पोतं ओढून आणलं.

या घरात पिल्लांच्या खाद्याची मजबूत पोती रिकामी झाली की त्यांतच मोठ्या कोंबड्यांचं स्वस्त खाद्य भरत. ओळखू यावं म्हणून तोंडाला निळी दोरी बांधत. या पोत्याला दोरी नव्हती.

मागे उभ्या असलेल्या दिराने मूठभर हातात घेऊन चोळलं. "वहिनी, यात शिंपल्यांचा चुरा आहे. अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबड्यांचं आहे हे. दोरी कोणी काढली?"

वहिनीची नजर फाटकाकडे गेली. पिल्लं आली त्याच दिवशी कडी तुटली होती. घाईत हाताला लागली ती दोरी तिने तिथे बांधली होती.

दिराचं तिकडे लक्ष नव्हतं. गप्प बसली असती, तर कुणाला कळलंही नसतं.

ती फाटकापाशी गेली, लोंबणारी निळी दोरी काढली आणि आणून त्याच्या हातावर ठेवली.

"मी काढली, भाऊजी. चला, आधी घरात जेवायला चला."