पोटरीइतकं पाणी

तांबडा ठिपका... भिंतीवर, घड्याळाच्या खाली, मसुरीच्या डाळीएवढा. जरा थरथरला, दिव्याच्या बटणांवरून सरकत दाराच्या चौकटीपाशी गेला, थांबला, आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरच्या मुठीतल्या यंत्राने बारीक आवाज केला, म्हणजे झालं, भिंत मोजून झाली. ज्या भिंतीला टेकून तिने पाढे पाठ केले, ताप आला की जिच्या गारव्याला गाल लावला, ती भिंत आता एक आकडा होती. तिला उगाच वाटलं, तो ठिपका आपल्या अंगावरूनही एकदा जावा... निदान कळेल तरी, आपण किती आहोत ते.

"भिंती सरळ आहेत हो अगदी," सर्व्हेअर म्हणाला. मनापासून म्हणाला. सकाळपासून त्याच्याविषयी काहीतरी वाईट मनात आणायचा तिने प्रयत्न केला होता; पण तो दाराशी बूट काढून आत आला, पाणी दिलं तर दोन्ही हातांनी घेतलं, बाबांना काका म्हणाला, तिला ताई म्हणाला... अशा माणसावर राग कसा धरायचा?

बाबा खुर्चीत ताठ बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. कुणी घरी यायचं म्हटलं की ते असेच बसतात. आणि ते असे बसले की पुढे काय होणार, हे तिला ठाऊक असतं. ती गोष्ट येणार.

सकाळी चहा देताना तिने सांगून पाहिलं होतं. "बाबा, आज ते पाण्याचं नको काढायला."

"कुठल्या पाण्याचं?"

"त्याच. विमावाल्यांपुढे पाण्याचं नाव काढलं की हप्ता वाढतो."

बाबांनी बशी खाली ठेवली होती. "देवानं एवढं केलं आणि मी सांगू नको? खोटं बोलू म्हणतेस?"

"खोटं नाही हो. फक्त बोलायचं नाही."

"बरं," ते म्हणाले होते. पण त्यांचं ते 'बरं' तिला चांगलं ओळखीचं होतं. त्या 'बरं'वर आईने अख्खा संसार काढला.

...दुकानातून तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती. चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मा बसवायचा, कानामागची काडी वाकवायची, आता दिसतंय का, आता? आणि संध्याकाळी घरी येऊन विम्याचे कागद वाचायचे. दादाने पाठवलेले. तीनतीनदा वाचूनही तिला त्यांतलं धड काही दिसेना. घराची किंमत म्हणजे विकलं तर येईल ती नव्हे, पडलं तर पुन्हा बांधायला लागेल ती. जमीन धरायची नाही, कारण जमीन कुठे जात नाही. हे वाचून ती एकटीच हसली होती. कागद लिहिणाऱ्याला एकदा समुद्राने खाल्लेल्या आमच्या मागच्या अंगणात आणायला हवं. आईने लावलेली सगळी जास्वंद गेली, ती कशाबरोबर गेली? मग घराचा विमा वेगळा, सामानाचा वेगळा. निम्म्या किमतीचा उतरवला तर नुकसानही निम्मंच मिळणार. शिवाय कितीही उतरवला तरी पहिलं एवढं एवढं नुकसान आपलं आपण सोसायचं. एवढं झाल्यावर खरी गोम, पाणी. वाऱ्याने कौलं उडून वरून आलं तर एक कलम, घरातली नळी फुटून आलं तर तेच, पण समुद्र जमिनीवरून चालत आला तर त्याचा भाव वेगळा. आणि तो पूर्वी कधी आलेला असेल, तर विचारूच नका. पाणी ते पाणीच. पण कुठून आलं, कुणाचं आलं... माणसांचं विचारतात तसं पाण्याचंही कूळ विचारतात.

हप्ता दादा भरायचा. परगावी, पाचव्या मजल्यावर राहून. गेल्या आठवड्यात फोनवर त्याचा आवाज इतका मऊ होता की तिला आधीच कळलं. "हे बघ, दुपटीपर्यंत मी कसंही करून भरतो. त्याच्या वर गेलं तर नाही गं जमायचं. आणि विम्याशिवाय त्या घरात तुम्हाला ठेवून मला झोप लागायची नाही. मग विकू आपण. तुम्ही दोघं इकडे या."

"बाबा पाचव्या मजल्यावर?"

"लिफ्ट आहे."

लिफ्ट आहे. बाबा सकाळी उठून आधी दार उघडतात, समुद्राकडे पाहून हात जोडतात, मग तोंड धुतात. लिफ्ट असली म्हणजे हे कुठे बसवायचं, हे दादाला विचारण्यात अर्थ नव्हता. तो वाईट नव्हता. कुणीच वाईट नव्हतं. तेच तर... कुणी एक वाईट असता तर बरं झालं असतं.

"आता सामान," सर्व्हेअर म्हणाला. "सोपा हिशोब आहे, ताई. घर उलटं करून हलवलं तर जे खाली पडेल ते सामान, पडणार नाही ते घर."

"मग मी सामानात," बाबा म्हणाले.

"छे हो काका, तुम्ही घरात. तुम्ही कुठले पडताय!"

बाबा खळखळून हसले. माणूस आवडला होता त्यांना. आता काही उपाय नव्हता.

"चाळीस वर्षं नळाची कामं केली मी," बाबा पुढे सरकून बसले. "गावातल्या निम्म्या घरांचं पाणी या हातांनी आणलंय. पण ज्याचं पाणी त्याच्यापुढे आपण कोण? ऐका. संध्याकाळची वेळ. बाहेर समुद्र उठलेला, रस्त्यावर आलेला. मी इथे, याच जागी, प्रार्थनेला बसलेला..."

"बाबा, त्यांना उशीर होईल."

"नाही नाही, सांगू द्या," सर्व्हेअर म्हणाला. यंत्र त्याने मांडीवर ठेवलं. तो खरंच ऐकत होता.

आणि बाबा सांगू लागले. सांगू कसले, मध्येच सूर लावून, हात पसरून, पाण्याचा आवाज तोंडाने काढून... ही खोली अंगणाहून दोन पायऱ्या खाली, पाणी उंबऱ्यावरून आत उतरलं, चटईखाली शिरलं, समईपाशी आलं. ती दाराला टेकून उभी राहिली. ऐकायचं नाही असं ठरवूनही कान तिकडेच. तिला ही गोष्ट आवडायची, हीच तर अडचण होती. शाळेत असताना मैत्रिणींना मुद्दाम घरी आणायची ती, ही ऐकवायला. हिच्यात माझीही जागा आहे. बाबा अमक्या ठिकाणी थांबतात, श्वास घेतात, माझ्याकडे बघतात...

बाबा थांबले. तिच्याकडे बघितलं.

"बाबा, पाय भिजले," ती म्हणाली. आपोआप. वयाची त्रेचाळिशी उलटलेल्या बाईच्या तोंडून, सहा वर्षांच्या मुलीच्या सुरात.

"भिजू देत पाय! गळा कोरडा आहे ना? म्हण!" बाबांनी टाळी वाजवली. "आणि म्हटलं आम्ही. पाणी पोटरीला लागलं तरी म्हणत राहिलो. शेवटचं कडवं संपलं, आणि साहेब, पाणी थांबलं. थांबलं आणि मागे फिरलं. एक भांडं वाहून गेलं नाही!"

सर्व्हेअरने मांडीवरचं यंत्र उचललं. मग हळूच, जवळजवळ माफी मागितल्यासारखा म्हणाला, "काका, पोटरीपर्यंत?"

"खूण दाखवतो ना." बाबा उठले. दोघांनी मिळून कपाट पुढे ओढलं. मागे, जुन्या रंगावर, एक फिकट तपकिरी रेघ. ती होतीच. सर्व्हेअर गुडघ्यावर बसला, यंत्र जमिनीला टेकवलं, मोजलं, पण लगेच लिहिलं नाही. पेन तसंच धरून राहिला. तिला त्याच्या मानेवरचा घाम दिसला, आणि वाटलं, यालाही घरी म्हातारं माणूस असणार.

"काका," तो उठत म्हणाला, "हे मी समुद्राचं पाणी म्हणून लिहिलं ना, तर हप्ता चौपट होईल, कदाचित जास्तच. मला लिहावंच लागेल. पण तुम्ही यातले जाणकार. घरातली एखादी नळी, जोड असं काही फुटलं असेल, तर ते वेगळं कलम. त्याचा काही त्रास नाही. तसं काही होतं का?"

"माझ्या हातचा जोड?" बाबा हसले. "फुटेल?"

खारट नव्हतं गं ते पाणी.

हे कुठून आलं... आईचा आवाज. तिच्या केसांतून कंगवा फिरवताना, पाहुणे गोष्ट ऐकून, डोळे पुसून निघून गेल्यावर. "खारट नव्हतं गं ते. मी चाखलं ना. रस्त्यावरून टाकीत येणारी जाड नळी सुटलेली. यांचं गाणं चाललं होतं, तोवर मी आपला अंगणातला कॉक बंद केला. कडवं संपलं आणि पाणी हटलं!" आणि हसली होती, तोंडावर पदर धरून. एकदाच म्हणाली, पुन्हा कधी नाही. आई थट्टा फार करायची. दादाला ती, तुला भंगारवाल्याकडून घेतलं, असं सांगायची आणि तो रडायचा. मग ही थट्टा होती का? समुद्र तर त्या दिवशी खरंच रस्त्यावर आला होता, शेजाऱ्यांच्या कोंबड्या गेल्या होत्या. आणि प्रत्येक वेळी गोष्ट चालू झाली की आई इथे, बरोबर याच दाराशी, उभी असायची. गप्प. ते गप्प राहणं मी समाधान समजत आले.

"ताई, तुम्ही होतात ना तिथे?" सर्व्हेअर तिच्याकडे वळला. "तुम्हाला काय आठवतं?"

एक वाक्य. दोन शब्द. खारट नव्हतं. एवढं म्हटलं की बाबांचं सकाळचं दार शाबूत, समुद्र शाबूत, ही भिंत शाबूत. आणि मग त्या दारात हात जोडून जो उभा राहील तो कोण असेल? ज्याच्या हातचा जोड सुटला तो? ज्याच्या गाण्याने काहीच थांबलं नव्हतं तो? सकाळपासून तिला बाबांचा राग येत होता. चारचौघांत गळा काढून स्वतःचं घर घालवतात म्हणून. पण घर वाचवणारी किल्ली माझ्या जिभेखाली असावी, ही कसली शिक्षा, देवा.

आठवतं का मला? ती बाबांच्या आवाजाखाली शोधू लागली, ओल्या चटईखाली हात घालावा तशी. पोटरी, समई, टाळी... सगळं त्यांचंच. तिचं स्वतःचं काही नव्हतं. की होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बाबा उकिडवे बसलेले, पाठमोरे. हातात काहीतरी लोखंडी, ते नुसतं फिरवत होते, उलटं, सुलटं. हाक मारली तर वळले नाहीत. प्रार्थना करतायत, असं वाटलं होतं तिला. हे खरंच आठवतंय, की आत्ता, गरज पडली म्हणून, मी बनवतेय?

तिने मान वर केली. बाबा तिच्याकडे बघत होते. गोष्टीत थांबल्यावर बघतात तसे नाही, हात खाली सोडून. ओठ किंचित उघडे. या चेहऱ्याने त्यांनी तिच्याकडे पूर्वी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांना माहीत होतं. ...किंवा नव्हतं, आणि त्यांना फक्त लेकीच्या गप्प राहण्याची भीती वाटली होती.

"सावकाश, ताई," सर्व्हेअर म्हणाला. "घाई नाही."

बाबा काहीतरी मागत होते, एवढं नक्की. बोल म्हणत होते, किंवा बोलू नकोस. माझ्याच्याने होत नाही, तू सांग, असं... किंवा एवढं एक मला राहू दे, असं. दोन्ही विनवण्यांचा चेहरा हुबेहूब सारखा असतो, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. राग कधी गेला ते कळलंच नाही. दादाचा मऊ आवाज, पाचवा मजला, ते चौपट, सगळं कुठेतरी लांब गेलं, आणि आई गेल्यापासून जिने कशासाठी म्हणून हात जोडले नव्हते ती, दाराला टेकून, उघड्या तोंडाने, डोळे बाबांवरून न हलवता, आतल्या आत मागू लागली. घर नाही, हप्ता नाही. एवढंच, की बाबा काय मागतायत ते मला कळू दे.