मुठीतल्या अक्षता

उल्का आमच्या कोथरूडच्या सोसायटीतली संगीतकार. नाटकांना चाली देते. त्यातून नाव होतं, पोट भरत नाही. पोट भरतं मंगलाष्टकांवर. वधूवरांची नावं गुंफून शब्द मी लिहितो, चाल तिची, गाणारीही तीच. मी निवृत्त ग्रंथपाल. माझे शब्द कुणाला आवडत असतील असं मला कधीच वाटलं नाही, म्हणून लग्नात मी खांबाआड उभा राहतो.

त्या दिवशी मंगल कार्यालयाचे मालक रावसाहेब स्वतः ऐकणार होते. पसंत पडलं, तर त्यांच्याकडच्या अख्ख्या हंगामाचं काम उल्काला मिळणार होतं.

"काका, नवी चाल आहे. शेवटी आवाज चढवत नाही, उतरवते."

"बघ बाई. शब्दच पडेल असतील तर..."

"आज तरी नका ना!"

अंतरपाट धरला. उल्का गाऊ लागली आणि कुजबुज थांबली. वाढपीसुद्धा दारात येऊन उभे राहिले. 'सावधान' तिनं इतकं अलगद उतरवलं, की सगळे ऐकतच राहिले. एकही अक्षता पडली नाही. मुठी मिटलेल्या तशाच. वरमाईचा चेहरा उतरला. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, रावसाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. उल्का पांढरीफटक.

"शुभमंगल सावधाऽऽन!"

कुणीतरी खच्चून ओरडलं. नेहमीच्या चालीत, आणि तेही बेसूर. सगळे वळून माझ्याकडे बघू लागले तेव्हा कळलं, तो मीच. वळलेल्यांच्या अक्षता माझ्याच टकलावर पडल्या. अंतरपाटामागून नवरीचं हसू ऐकू आलं.

पुढच्या कडव्याच्या शेवटी उल्का थांबली आणि तिनं माझ्याकडे हात केला. मी ओरडलो. शेवटच्या कडव्याला अख्खं कार्यालय माझ्याबरोबर ओरडलं.

पंगतीत रावसाहेब आले. "मॅडम, हंगाम तुमचा. फक्त हे गृहस्थ प्रत्येक लग्नात हवेत."

"अहो, पण मला सूर नाही," मी म्हणालो.

"ते ऐकलं आम्ही. उगाच का लोक जागे झाले?"

उल्का इतकी हसली, की तिला ठसका लागला.

परतताना रिक्षात मी भीत भीत विचारलं, "शब्द कसे होते गं?"

"शेवटचा तर अप्रतिम, काका."

तो काही मी लिहिलेला नव्हता. पण तेवढं कौतुक मी ठेवून घेतलं.