सातवी पास

मी चित्रांची पुस्तिका आहे, पण मला कोणी हौसेने उघडत नाही. घाटकोपरच्या एका दवाखान्यात वयस्कर माणसांची भाषा आणि स्मरणशक्ती तपासण्यासाठी मला त्यांच्यासमोर ठेवतात. चित्र पाहायचे, नाव सांगायचे; मग थोडे वाचायचे, थोडे शब्द आठवायचे. अडले की गुण गेला.

मला ज्यांनी घडवले, ती माणसे जन्मभर कागदांत वावरलेली होती. त्यामुळे माझ्या अंगावर कर्कटक आहे, पृथ्वीचा गोल आहे, पाटा-वरवंटा नाही. माझ्यासोबत एक नियमही आला. शाळा जितकी अधिक, तितके गुण अधिक हवेत; शाळा न पाहिलेल्याला थोड्या गुणांतही निरोगी म्हणायचे. नियम न्यायाचा आहे. मात्र तो चालतो माणसाने दिलेल्या उत्तरावर, आणि आपल्याकडे माणसे वयाविषयी जितके खोटे बोलतात, त्याहून अधिक शिक्षणाविषयी बोलतात.

शांताबाई आल्या तेव्हा परीक्षा घेणाऱ्या शर्मिष्ठाताईंनी प्रथम त्यांचा मुलगा नितेश आणि सून श्वेता यांच्याकडून हकीकत ऐकून घेतली. शांताबाई मूळच्या मालवणकडच्या. यजमान गिरणीत होते, ते वारले. नातीला, मानसीला, बालवाडीतून आणण्याचे काम त्यांचेच. एके दुपारी त्या नातीसह भलत्याच बसमध्ये बसल्या आणि थेट सांताक्रूझला जाऊन उतरल्या. कशी चुकलीस, असे नितेशने विचारले, तर "इसारलंय" एवढेच म्हणाल्या. घरात धास्ती बसली. आजार निघाला, तर मानसीला मुलुंडला श्वेताच्या माहेरी ठेवायचे आणि आईला बदलापूरजवळच्या आश्रमात, असे ठरले होते. हे सारे शांताबाईंच्या देखतच सांगितले गेले.

शिक्षण विचारताच नितेशची मान ताठ झाली. "आमची आई सातवी पास आहे, मॅडम. त्या काळातली सातवी."

श्वेताने दुजोरा दिला. तिचे वडील मुख्याध्यापक; सोयरीक जुळवताना त्यांना हेच सांगितले गेले होते.

मग दोघांना बाहेर बसवले. दार नीट लागत नव्हते.

मांजर शांताबाईंनी ओळखले. कर्कटकापाशी त्या थबकल्या. वाचनाचे पान आले तेव्हा त्यांनी मला उलटे धरले, आणि चष्मा घरी राहिला, असे म्हणाल्या. चष्मा नाकावरच होता. शाळेत गेलेल्या माणसाचे बोट ओळीखालून आपसूक सरकते, हे मी आजवर पाहत आले आहे. त्यांचे बोट कोऱ्या जागेवरच टेकून राहिले. 'म'ने सुरू होणारे शब्द विचारले, तेव्हा त्यांना एकही सांगता आला नाही. ज्याने अक्षर पाहिले नाही त्याच्या तोंडी शब्द अख्खाच येतो. तो कशाने सुरू होतो, हे त्याने कसे सांगावे? बसचे कोडे मला तेव्हाच उलगडले. पाटी त्यांना कधी वाचताच येत नव्हती. कोणाला तरी विचारून त्या बसमध्ये चढत असणार, आणि त्या दुपारी सांगणाऱ्यानेच चुकीचे सांगितले असणार.

शर्मिष्ठाताईंनी खुर्ची जवळ ओढली. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आजी, शाळा झाली नसेल तर तसं सांगा. मग एवढ्या गुणांत तुम्हाला काहीही झालेलं नाही. सातवी धरली, तर आजार निघतो. नात दुरावेल हो."

लिहिलेले मुलाला दिसेल का, असे शांताबाईंनी विचारले. शर्मिष्ठाताई खोटे बोलल्या नाहीत. निकालाचा कागद मुलाच्याच हाती जातो आणि त्यावर शिक्षणही लिहिलेले असते.

शांताबाईंनी दाराकडे पाहिले. बाहेर श्वेता फोनवर कोणाशी तरी हसत होती.

"मगे सातवीच लिव," त्या म्हणाल्या. "आजारी माणसाक कोण हसणा नाय गो बाय."

शर्मिष्ठाताईंनी कागदावर सातवीच लिहिली. आपली शंका त्यांनी मोठ्या डॉक्टरांच्या कानी घातली; पण बाहेर रोग्यांची रांग होती, आणि डॉक्टरांनी गुणांचा आकडा तेवढा पाहिला आणि आजार लिहून दिला.

वर्षभराने आश्रमातली सेविका शांताबाईंना फेरतपासणीसाठी घेऊन आली. नितेशला रजा मिळाली नव्हती. आता मांजराचेही नाव त्यांना सांगता येईना. नातीचे नाव विचारले, तर त्या माझ्या कडेवरून नख फिरवत बसल्या. या खेपेस मी दिलेला निकाल खरा होता.

माझी शिवण उसवली आहे. माझ्या जागी लवकरच पडद्यावर उमटणारी चित्रे येतील. ती माझ्याहून सुबक असतील, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांना आणि त्यांना हाताळणाऱ्यांना माझी विनंती इतकीच आहे: कोणाला किती येते हे मोजण्याआधी, त्याला हसेल असे कोणी दाराबाहेर बसलेले नाही ना, ते उठून पाहा, आणि दार नीट लावून घ्या.