इस्त्रीखात्यातर्फे

धुलाईच्या कारखान्यात नवे साहेब आले आणि आल्या आल्या सगळ्यांना जमवून म्हणाले, “इथे जे काही बदलायचं, ते आपण मिळून ठरवू. लादणार काहीच नाही.” दवाखान्यांच्या चादरी धुऊन हातांची सालं निघालेल्या माणसांना एवढ्या गोड बोलण्याची सवय नव्हती, त्यामुळे टाळ्या जरा जास्तच पडल्या. प्रत्येक खात्याने समितीवर आपला एक माणूस द्यायचा होता. इस्त्रीखात्यातल्या बायकांनी एका सुरात वहिनीचं नाव घेतलं.

खरं तर ती एकीचीच वहिनी. शेजारच्या टेबलावर तिची धाकटी नणंद इस्त्री करायची, तिचं ऐकून अख्खं खातं हिला वहिनी म्हणू लागलं होतं. बाई फटकळ. साहेब असो की साहेबाचा साहेब, पोटातलं ओठावर आणल्याशिवाय तिला अन्न पचायचं नाही. म्हणून तर तिला निवडलं.

पहिली बैठक सकाळीच भरली. साहेबांनी दार लावून घेतलं. “इथलं बोलणं शुक्रवारी जाहीर होईपर्यंत बाहेर जाता कामा नये. उगाच घबराट नको. सगळ्यांनी शब्द द्या.” बॉयलरवाल्याने दिला, गाडीवाल्याने दिला, वहिनीनेही देऊन टाकला. कशाबद्दल देतोय हे विचारायचं राहूनच गेलं.

मग कळलं. इस्त्री करून घडी घालणारं मशीन येणार होतं. इस्त्रीखातं बंद. निम्म्या बायकांना दुसरीकडे सामावून घेणार, बाकीच्यांना नारळ.

“म्हणजे हे ठरलंय?” वहिनीने विचारलं.

“मशीनचं वरून ठरलंय. ते कसं आणायचं, ते आपण मिळून ठरवायचं.”

लग्न परस्पर ठरवावं आणि मुलीला फक्त कपड्यांचा रंग विचारावा, तसला हा प्रकार. एरवी वहिनीने हे तोंडावर ऐकवलं असतं. पण तिला आधी नणंद आठवली, कारण आजच नणंदेला समोरच्या गल्लीतल्या शिंप्याला उत्तर द्यायचं होतं. तो तिला दुकानात कामाला घ्यायला तयार होता. पगार थोडा कमी, पण काम कायमचं. नवरा गेल्यापासून नणंद पोरीला घेऊन भावाकडेच राहत होती. इथलं काम गेलं तर तिच्या हाताला दुसरं काहीच नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ती नळाशी वाटच बघत उभी होती.

“वहिनी, काय झालं गं आत?”

“चाललंय बोलणं.”

“आपल्या खात्याचं काही निघालं का? नाही, त्या शिंप्याला सांगायचंय म्हणून विचारते.”

नळाशी हात धुणाऱ्या बाकीच्या बायकाही थांबल्या. वहिनीने बाटली नळाखाली धरली आणि ती भरून वाहेपर्यंत धरून ठेवली. नणंदेला एकटीला सांगावं, तर या बायकांचा गळा कापल्यासारखं. सगळ्यांना सांगावं, तर साहेब आपल्याला समितीतून काढणार, मग आत आपलं म्हणायला कुणी उरणार नाही. दुपारी आत बसून काहीतरी वाचवता येईल, अशी तिने स्वतःचीच समजूत घातली.

“अजून काही ठरलं नाही,” ती म्हणाली. इतकं धडधडीत खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. नणंदेने मान हलवली आणि ती निघून गेली.

दुपारी पुन्हा दार लागलं. साहेब वहिनीकडे वळले. आवाज मऊ होता. “तुम्ही त्यांना जवळून ओळखता. कुणाला ठेवायचं, तुम्हीच सुचवा. मी वरून ठरवण्यापेक्षा ते बरं, नाही का?”

बॉयलरवाला नखं बघू लागला. नणंदेचं नाव वहिनीच्या अगदी जिभेवर होतं. एक शब्द बोलायचा, की घरातली चूल पेटती राहणार होती. आणि तो बोलला, की उरलेल्या प्रत्येकीला वहिनीनेच काढलं असं होणार होतं. आपल्याला इथे कशाला बसवलंय ते तिला आता कळलं, आणि तिचं डोकं फिरलं. ती उठली.

“ज्यांचं आहे त्यांना बोलवा.”

“तुम्ही शब्द दिलाय.”

“दिला होता. परत घेते.”

तिने दार उघडून हाक मारली तशा बायका इस्त्र्या बंद करून एकमेकींना ढकलत आत आल्या. वहिनीने साहेबांच्या देखत सगळं सांगितलं, काही म्हणजे काही लपवलं नाही. एकच गलका उडाला. एकीने रडायला घेतलं. दुसरी टेबलावर हात आपटून विचारू लागली, की मशीन चालवायला आमच्यातल्याच का नकोत, पाळ्या वाटून का घेता येणार नाहीत? साहेब लालबुंद झाले होते. पण तेवढ्या बायकांसमोर ते करणार काय? शेवटी म्हणाले, “बसा. एकेक करून बोला.” वहिनीच्या छातीवरचं ओझं उतरलं.

मग तिला नणंद दिसली. ती दाराशीच उभी होती. वहिनी गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ गेली आणि तिच्या कानाशी लागली.

“इथलं मी बघते. तू शिंप्याकडे पळ. आत्ताच्या आत्ता हो म्हण.”

“मी सुट्टीतच त्याला नाही सांगून आले,” नणंद म्हणाली. “त्याने माझ्यादेखत दुसरीला कामावर घेतलं.”

“अगं, पण विचारायचंस तरी मला पुन्हा!”

“कशाला विचारायचं? म्हटलं, तू आत आहेस. काही असतं तर बोलली असतीस.”

तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर वहिनीला परवडला असता. मागून साहेबांनी विचारलं, इस्त्रीखात्यातर्फे आधी कोण बोलणार, आणि सगळ्या बायका वहिनीकडे बघू लागल्या.