अधांतरी तांब्या

बेगम बाजारात त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. संस्थानात फौजा शिरून पोलीस ॲक्शन झाली, त्याला आठवडा झाला होता आणि ज्यांची माणसं परतली नव्हती, ते सगळे तांब्यावाल्या महाराजांपुढे बसले होते. माझी पद्मावतीकाकूही त्यांत होती. बिदरला गेलेल्या तिच्या बाळकृष्णाचा पत्ता नव्हता. मी तिचा पदर धरून उभी होते.

महाराजांनी अरुंद गळ्याच्या तांब्यात काकूचे तांदूळ गच्च भरले. बाळकृष्णाचा रेघा आखायचा लाकडी रूळ त्यांत खुपसला. मंत्र पुटपुटत तो बराच वेळ खालीवर केला आणि उचलला. रुळाबरोबर तांब्याही अधांतरी!

"जिंदा है, अम्मा! पण ढूंढने कू नक्को जाव. चौखट ओलांडली की धागा तुटला!"

घरी येताच काकूनं एकनाथकाकांना शोधायला न जाण्याची गळ्याची शपथ घातली. काका शाळेत शास्त्र शिकवत, पण शपथेपुढे घरीच थांबले. तांब्या देव्हाऱ्यात गेला.

दिवाळीनंतर शेजारच्या भामाबाई बेपत्ता नवऱ्याची काठी घेऊन महाराजांकडून रडत आल्या. "माझा तांब्या निसटला हो! आमचे हे गेले!"

काकांनी ती काठी हातात घेतली. "याला तेल कुणी लावलं?"

"महाराजांनीच. दक्षिणेचं लुगडं नेलं नव्हतं ना मी, तर म्हणाले, काठी अशुद्ध आहे, तेल लावून शुद्ध करतो."

काका तडक स्वयंपाकघरात गेले. दुसऱ्या तांब्यात तांदूळ ठासले, रवीचा दांडा खुपसून खुपसून उचलला. तांब्या वर आला.

"अहो, तुम्हाला कुठून मंत्र आला?" काकूनं विचारलं.

"मंत्र कसला! दाणे दाटले की काठीला आवळून धरतात. हे घर्षण. तेल लागलं की पकड सुटते. अगं, जमीनही पायाला अशीच धरते, म्हणून आपल्याला चालता येतं. ऊठ. चपला घाल."

बरकतपुऱ्यातल्या घरून आम्ही चालतच अफझलगंजला गेलो. तिथल्या एका धर्मशाळेत जखमींना ठेवलं होतं. कंपाउंडर म्हणाला, "बिदरकडून आणलेला एक पोरगा होता. नाव सांगता येईना. दसऱ्यापर्यंत तापात आईला हाका मारायचा. मग गेला."

त्यानं एक सदरा आणून दिला. कॉलरीला काकूच्या हातची शिवण होती. काकू तिथंच खाली बसली.

लोक अजून मला म्हणतात, "म्हणजे महाराज खरं बोलले! तेव्हा तो जिवंत होता की." होता. आमच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ होता.

म्हणून सांगते, चमत्कार दिसला तर आधी काठीला हात लावून बघा. आणि कुणी "जाऊ नको" म्हणालं, तर त्याच दिवशी निघा.