डाव्या वळणाला घाबरणारा फ्यूज

दचकू नका, मी फ्यूज बोलतोय. दचकायचं काम माझं आहे. त्यासाठीच तर मला बनवलंय.

मोटरसायकलच्या सीटखाली, बाजूच्या झाकणाआड, बॅटरीला खेटून एक छोटी काळी डबी असते. तिथे मी राहतो. लाल, आरपार दिसणारं प्लॅस्टिकचं अंग, दोन चपटे पाय आणि पोटात एक बारीकशी वाकडी पट्टी. बॅटरीतली वीज या पट्टीवरून पुढे जाते. वीज प्रमाणाबाहेर वाढली की पट्टीने घाबरून वितळायचं. वाट तुटते, गाडी वाचते. आयुष्यात एकदाच घाबरायचं, पण वेळेवर.

कारखान्यात आमच्यातल्या काही जणांना मुद्दाम जाळून पाहिलं होतं. ते नीट जळले, म्हणून आम्ही उरलेले पास झालो! अशा जन्माला आलेल्याने धीट कसं व्हावं, तुम्हीच सांगा.

या डबीत आम्ही तिघे भाऊ आलो. थोरला कामाच्या खाचेत बसला. मधला आणि मी राखीव खाचांमध्ये, झोपाळलेले.

गाडी बाबांची, पण आता ती चालवते त्यांची मुलगी. दाराची बेल वाजली तरी ती दचकते, म्हणून घरात सगळे तिला भागूबाई म्हणतात. आईचा गुडघा दुखरा. व्यायामाच्या दवाखान्यात आईला रोज नेण्याचं काम तिच्याकडे. गाडीचं काही बिघडलं तर बघायचं काम तिच्या दादाचं. आणि बाबांचं काम आवरणं. घरात लोंबकळणारं काही त्यांना खपत नाही. पडद्याची दोरी असो की पंख्याची वायर, दिसली की करकचून बांधलीच. एकदा गाडी पुसताना ते हँडलपाशी थबकले. "काय हे गबाळं! तारा कशा लोंबतायत!" म्हणाले आणि प्लॅस्टिकचा पट्टा घेऊन आले.

त्यानंतर काही दिवसांतच थोरला गेला. फाटकातून बाहेर पडताना भागूबाईने हँडल वळवलं आणि माझ्या शेजारी एक निळसर ठिणगी उडाली. थोरल्याच्या पोटातली पट्टी गायब, काच काळी पडावी तसं त्याचं अंग काळं. गाडी जागीच बंद.

"फ्यूज उडालाय, एवढंच," दादा म्हणाला. त्याने थोरल्याला उपटून मधल्याला बसवलं. गाडी सुरू झाली. दादाने हात झटकले.

दुसऱ्या दिवशी त्याच फाटकात मधलाही गेला.

आता माझी पाळी, हे मला कळलं होतं. पण दादाने मला हातच लावला नाही. "फ्यूजच हलके निघालेत. हा तिसरा जपून ठेवू, अडीअडचणीला," तो म्हणाला आणि त्याने मधल्याच्या मेलेल्या अंगाला तांब्याची तार गुंडाळली. एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत, घट्ट. मग त्याला पुन्हा कामाच्या खाचेत दाबून बसवलं. "आता बघ, आयुष्यात उडणार नाही!"

"दादा, पण तो उडत का होता?" भागूबाईने विचारलं.

"तुझ्यासारखाच भित्रा होता म्हणून!"

सगळे हसले. मी मात्र गारठलो. तांब्याच्या त्या जाड तारेला भीती ठाऊकच नव्हती. तिच्यावरून कितीही वीज गेली असती, तिने हूं की चूं केलं नसतं. आणि जिथून तारा पुढे जात होत्या, तिथे वर पेट्रोलची टाकी होती. घाबरणारा मी एकटाच उरलो होतो आणि मला बसवलं होतं राखीव जागेत. ओरडावं तर तोंड नाही.

झाकणाचा स्क्रू दादाने लावला नाही. "रोज उघडावंच लागतं, लावायचा कशाला?" त्याचा हा आळस दुसऱ्याच दिवशी देवासारखा धावून आला.

सकाळची वेळ होती. आई मागे बसली, बसताना "अगं आई गं" म्हणाली. "सावकाश ने गं, भागूबाई." फाटकापाशी हँडल डावीकडे वळलं आणि शेजारची तार तापायला लागली. आधी कोमट, मग चटका, मग लालबुंद. माझं लाल अंग एका बाजूने मऊ होऊ लागलं. टाकीखालून प्लॅस्टिक जळल्याचा वास आला आणि धुराची एक रेघ वर चढली.

"आई, उतर!" भागूबाई किंचाळली. तिने चावी फिरवून बंद केली. धूर थांबला नाही.

"अगं, गुडघा..."

"उतर म्हणते ना!"

आई उतरली. भागूबाई पळाली नाही. तिने झाकण ओढून काढलं, हाताला रुमाल गुंडाळला आणि तारेसकट मधल्याला उपटून फेकलं. अंगणातल्या फरशीवर तो चुर्र वाजला. धूर विरला. मग ती खाली बसली आणि हुंदके देऊन रडली.

दादा आणि बाबा धावत आले. दादाचा चेहरा पांढराफटक. त्याने ती तार उचलली, पाहिली आणि खिशात घातली.

"डावीकडेच," भागूबाई नाक पुसत म्हणाली. "तिन्ही वेळा मी डावीकडेच वळत होते."

दादाने मान हलवली. फ्यूजच्या जागी त्याने दोन वायरींनी एक जुना बल्ब जोडला. "चावी बंद आहे, म्हणजे हा पेटायला नको. पेटला तर समज, वीज कुठेतरी गाडीच्या लोखंडात पळतेय. वळव हँडल. हळू."

उजवीकडे वळवलं. अंधार. सरळ. अंधार. डावीकडे नेलं आणि बल्ब भक्कन पेटला. भागूबाई दोन पावलं मागे सरली, मग पुन्हा पुढे आली.

टाकी उतरवली. हँडलच्या मानेपाशी तारांचा जुडगा पट्ट्याने लोखंडाला आवळलेला होता. डावीकडे वळताना तो ताणला जायचा. घासून घासून एका तारेचं तांबं उघडं पडलं होतं आणि लोखंडाला टेकत होतं.

बाबांनी त्या पट्ट्याला बोट लावलं. "मीच बांधला होता," ते म्हणाले. "लोंबत होत्या ना..."

"लोंबू देत हो," आई फाटकाला टेकून म्हणाली. "आणि माझा गुडघा म्हणे वाकत नाही! आज मी उडी मारली, उडी!"

पट्टा बाबांनी स्वतः कापला. दादाने जळलेल्या तारा बदलल्या आणि हँडलपाशी वळायला पुरेल एवढी ढील ठेवली. मग त्याने मला राखीव खाचेतून काढलं. "एका बाजूने वितळलाय. नवा आणू?" म्हणाला. भागूबाईने मला उन्हात धरून पोटातली पट्टी पाहिली. ती शाबूत होती. "नवे राखीव ठेव. याला बसव," ती म्हणाली.

आता कामाच्या खाचेत मी आहे, थोडा वाकडा. तुम्हाला हात जोडून एकच सांगतो, जोडायला हात नसले तरी: आमच्यातला एखादा जळाला, तर त्याला भित्रा म्हणून हसू नका, त्याच्या जागी तार घालू नका. तो कशाला घाबरला, तेवढं शोधा.

आज पुन्हा फाटक आलं. आई मागे बसलीय. भागूबाईने श्वास रोखला, मीही रोखला. हँडल डावीकडे सरकतंय...

"वळलो का गं?" आईने विचारलं. तिचे डोळे मिटलेले असणार.

"वळलो, आई."